कम्युनिटी कॉलेजची टीम म्हणजे पैशाचं झाड? छे!

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, खेळलं की फी माफ आणि कॉलेज तिकिटांवर मालामाल, असं लोक वर्षानुवर्षं सांगतायत, पण तसं नाहीये हो. कॅलिफोर्नियातली ही कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देऊच शकत नाहीत, एनजेसीएएच्या (दोन वर्षांच्या कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) डिव्हिजन थ्री या गटातही नाही, तिच्याच डिव्हिजन वनला मात्र राहण्या-जेवणासकट मिळू शकते. टीव्हीचा पैसा मोठ्या युनिव्हर्सिट्यांचा, इथे बस, हेल्मेट, रेफरी सगळं मुख्यतः कॉलेजच्या बजेटमधून, कुठे स्टुडंट फीमधून, वर पोरं फंडरेझिंग करतात ते वेगळंच. मग टीम ठेवतात कशाला? गंमत इथेच आहे, कॅलिफोर्नियात सीझनमध्ये खेळायला १२ युनिट्स, म्हणजे फुलटाइम विद्यार्थ्याइतका अभ्यासक्रम, घ्यावेच लागतात आणि सरकारी पैसा बराचसा विद्यार्थीसंख्येवर येतो, म्हणजे प्रत्येक खेळाडू हा आधी एक फुलटाइम अ‍ॅडमिशन असतो.