सोललेला ससा कुत्र्याची चुगली करतो

कातडं उतरवलं की सगळं उघड होतं. बरगड्यांवर दोन्ही अंगांना जांभळे डाग आहेत, अंगठ्याने दाबलं की तीन-चार बरगड्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या आत जातात, तर कुत्र्याने ससा वाटेत चावत आणलाय. पाठीवर किंवा मांडीवर एखादाच गडद ठिपका आहे, बाकी मांस स्वच्छ गुलाबी, तर त्याने नुसता धरून आणलाय. ब्रिटनमध्ये सशांच्या शिकारीसाठी लर्चर कुत्रे पाळणाऱ्यांचा जुना वाद नेमका इथला आहे. ससा जिवंत, हलक्या तोंडाने, थेट मालकाच्या हातात आणून देणं ही चांगल्या लर्चरची कसोटी मानायची का?

लर्चर ही नोंदणीकृत जात नाही, तो संकर आहे. एका बाजूला ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी किंवा डिअरहाउंड, म्हणजे नजरेने हेरून पळणारे कुत्रे. दुसऱ्या बाजूला बहुधा मेंढपाळांचा कोली किंवा बेडलिंग्टन टेरियर. पाय एकाचे, डोकं दुसऱ्याचं. सशाबद्दल मात्र खुलासा हवा, कारण आपल्या ‘ससा’ या एका शब्दात दोन वेगळे प्राणी राहतात. या लेखातला ससा म्हणजे रॅबिट: बिळं खणून वसाहतीने राहणारा, साधारण दीड किलोचा. आपल्या माळरानावरचा ससा म्हणजे हेअर, तो बीळ खणत नाही. ब्रिटनमध्ये रॅबिटची पैदास नॉर्मन लोकांनी मांस आणि कातडीसाठी सुरू केली. आज तो पिकं फस्त करणारा उपद्रवी प्राणी गणला जातो. २००४ च्या हंटिंग कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी शिकारीवर बंदी आली, पण जमीनमालकाची परवानगी असेल तर रॅबिटला त्यातून सूट आहे. हेअरला नाही. स्कॉटलंडच्या २०२३ च्या कायद्याने रॅबिटही कक्षेत घेतला, म्हणून पुढचं सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं समजावं. आणि आपल्याकडे कारवान किंवा मुधोळ कुत्रा दारात असला तरी रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो; त्याची शिकार हा गुन्हा आहे.

आता कुत्र्याचं तोंड उघडून बघू. मोठ्या कुत्र्याला ४२ दात. पुढे पटाशीचे, मग चार सुळे, मग उपदाढा आणि मागे मांस कापणाऱ्या दाढा. जबडा मिटला तरी वरच्या आणि खालच्या पुढच्या उपदाढांची टोकं एकमेकांना टेकत नाहीत, मधे फट राहते. काही धरून नेण्यासाठीच जणू ठेवलेली जागा! मऊ तोंडाचा, म्हणजे न चावता धरणारा, कुत्रा ससा पाठीवरून आडवा धरतो तेव्हा भार या पट्ट्यात येतो. सुळे कातड्याच्या घडीत अडकलेले असतात, पण सगळा जोर त्यांच्यावर नसतो. दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंमध्ये दाब ओळखणारे चेतातंतू असतात, त्यामुळे किती आवळलंय हे कुत्र्याला कळत असतं. म्हणजे ताकद कमी असल्यामुळे तोंड मऊ होत नाही. तोंड मऊ असतं ते आवर घातलेलं असल्यामुळे. तोच कुत्रा पाच मिनिटांनी गाईचं हाड फोडू शकतो.

सशाची बाजू नाजूक आहे. त्याच्या सांगाड्याचं वजन शरीराच्या जेमतेम ७-८ टक्के. मांजरात ते १२-१३ टक्के असतं. हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त, ही जोडी धोक्याची. कंबर अधांतरी लोंबत असताना ससा जोरात लाथ झाडतो तेव्हा तो स्वतःचाच कण्याचा खालचा मणका मोडून घेऊ शकतो. पाळीव ससे चुकीच्या पद्धतीने उचलल्यावर हेच होतं, हे पशुवैद्यांना चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे कुत्र्याने कितीही हळुवार धरलं तरी मान धरून मागचा भाग झुलवत आणलेला ससा आणि मधोमध धरून आणलेला ससा यांत फरक पडतोच.

शिवाय पकडण्याचा क्षण मुळात हळुवार नसतो. ताशी ५० किलोमीटरने धावणारा कुत्रा सेकंदाला जवळपास १४ मीटर कापतो. ससा सरळ पळत नाही, ऐनवेळी काटकोनात वळतो. कुत्रा मान खाली घालून, पुढच्या पायांमधून त्याला उपसल्यासारखा उचलतो. तेवढ्या झटक्यात एखादा डाग पडणारच, आणि त्यासाठी कुत्र्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. न्याय करायचा तो त्यानंतरच्या शंभर-दोनशे मीटरचा. बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धांमध्येही परीक्षक पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपतात. तिथे चिरडलेल्या बरगड्या दिसल्या की कुत्रा बाद.

परतीच्या वाटेवर पकड घट्ट का होते? शिकारी वर्तनाची साखळी असते: पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणारा चावा, फाडणं, खाणं. माणसाने वेगवेगळ्या जातींत या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या जाड किंवा बारीक केल्या. लॅब्रॅडॉरसारख्या रिट्रीव्हरमध्ये, म्हणजे मारलेली शिकार आणून देणाऱ्या कुत्र्यांत, पकड शाबूत आणि मारणारा चावा पुसट. कोलीमध्ये दबा आणि पाठलाग ठळक. ग्रेहाउंडमध्ये पाठलागापासून चाव्यापर्यंत बरंच काही शाबूत, टेरियरमध्ये तर चावा हाच मुद्दा. लर्चरच्या पिल्लात यातलं काय उतरेल याची हमी नाही, एकाच वेतातली दोन भावंडं दोन टोकांची निघतात. पण रक्तातून आलेलं जेवढं, तेवढंच माणसाच्या हातून बिघडलेलंही असतं.

सगळ्यात मोठी चूक हिसकावण्याची. कुत्रा जवळ आला की माणूस पुढे झेपावतो आणि ससा ओढतो. कुत्र्याच्या हिशेबात ही रस्सीखेच आहे, तो आवळतो. दोन-चार वेळा असं झालं की तो दहा मीटरवर थांबतो, गोल फिरतो किंवा ससा खाली ठेवून त्यावर पंजा देतो. दुसरी चूक दोन कुत्रे एकदम सोडण्याची. मागून दुसरा येतोय म्हटल्यावर कुठलाच कुत्रा सैल धरत नाही, आणि दोघांनी दोन टोकं पकडली तर ससा संपलाच. तिसरं कारण लाथ. कोवळ्या कुत्र्याच्या नाका-डोळ्यावर सशाची मागची नखं लागली की पुढच्या वेळी तो आधी गप्प करतो, मग उचलतो. उंदीर-घुशींवर घातलेल्या कुत्र्यांचंही तेच: उंदीर चावतो, म्हणून त्याला एका झटक्यात मारायचं ही सवय तोंडात बसते आणि सशापर्यंत येते.

घडवायचं कसं? सुरुवात घराच्या अरुंद बोळात. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू, मोज्यात चिंध्या भरून केलेली मुठीएवढी गुंडाळी, आणि माणसाला चुकवून निसटायला जागा नाही अशी भिंतींमधली वाट. गुंडाळी दोन मीटरवर टाकायची, पिल्लू उचलून परत येतं तेव्हा खाली बसून अंग तिरकं ठेवायचं. समोर उभं राहून वाकलं की पिल्लू बिचकतं. आल्यावर गुंडाळी लगेच घ्यायची नाही. छातीवर, कानामागे खाजवायचं, गुंडाळी तोंडातच राहू द्यायची, आठ-दहा सेकंदांनी तळहात तिच्याखाली धरायचा आणि ती पडू द्यायची. एका वेळी तीन, फार तर चार फेऱ्या; त्याचा उत्साह टिकून असतानाच थांबायचं. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या दुखऱ्या असतात. त्या काळात फेऱ्या कमी करायच्या आणि ओढाओढीचा खेळ तर पूर्ण बंद.

मग गुंडाळीला सशाचं वाळवलेलं कातडं शिवायचं. त्यानंतर थंड झालेला, रक्त न लागलेला अखंड मेलेला ससा, नायलॉनच्या जुन्या मोज्यात घालून. मोजा अशासाठी की पाय लोंबत नाहीत आणि पिल्लू एखादा अवयव धरून झटकायला शिकत नाही. उबदार, रक्ताळलेल्या सशापासून सुरुवात केली तर साखळीतल्या पुढच्या कड्या, फाडणं आणि खाणं, आपणच जागवतो. जिवंत सशामागे पहिल्यांदा सोडायचं ते वर्षाच्या आसपास, हाडांची वाढ पुरी होत आल्यावर, आणि तेही सहज मिळेल अशा सशामागे.

रात्री दिव्याच्या झोतात ससे टिपताना या सगळ्याचा कस लागतो. काळोखी, वाऱ्याची रात्र. ससा बिळापासून दूर चरत असतो, झोतात दबून बसतो, कुत्रा सुटतो. पकड झाली की दिवा विझवतात, म्हणजे शेतातले बाकीचे ससे बिथरत नाहीत. आता कुत्र्याने अंधारात, न बोलावता, गुपचूप माणसापाशी यायचं असतं. ससा सोडून दिला तर शोधायला पुन्हा दिवा, पुन्हा पायपीट. अर्धमेला ससा किंचाळला तर शेत रिकामं. कुत्र्याची दमछाक वाचते हाही फायदा आहेच.

राहिला ‘जिवंत’चा हट्ट. दोनशे मीटर अंतर, तोंडात ससा घेऊन दुडक्या चालीचा कुत्रा सेकंदाला चारेक मीटर: पन्नास सेकंद. एवढा वेळ ससा निपचित पडून असतो. ते निपचितपण शांतपणा नव्हे. भक्षकाच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची ती गोठलेली अवस्था असते, आत ताणाची संप्रेरकं चढलेली असतात. म्हणून जिवंत ससा हातात येणं ही गोष्ट दयेची ठरते ती फक्त हात तयार असेल तरच. ससा घेतल्यावर दोन-तीन सेकंदांत मान निखळवता आली पाहिजे आणि मग श्वास थांबलाय, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही, हे तपासलं पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याने मऊ तोंडाच्या कुत्र्याची फुशारकी मारू नये. उलट, उचलतानाच एका चाव्यात ससा मारणारा आणि पुढे तो न चावता आणून देणारा कुत्रा मी नापास करणार नाही. हातात आणून देणं सक्तीचं, जिवंत असणं ऐच्छिक, आणि बरगड्या चिरडणं माफ नाही, अशी माझी मांडणी आहे.

मांसाचं गणितही यालाच धरून आहे. चेचलेल्या भागात साचलेलं रक्त जंतूंना आयतं मिळतं, तो भाग कापून टाकावा लागतो. पोट फुटलं तर आतड्यातली घाण कमरेच्या मांसापर्यंत जाते, आणि विकायला नेलेला असा ससा व्यापारी बाजूला ठेवतो. फार लांब पळवलेल्या सशाच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपलेलं असतं. मेल्यावर पुरेसं लॅक्टिक आम्ल तयार होत नाही, मांस गडद राहतं आणि लवकर खराब होतं. चांगला ससा हातात आला तरी काम उरतंच: पोटावरून मागच्या दिशेने अंगठे दाबून मूत्राशय रिकामं करायचं, मागच्या एका पायाच्या घोट्यामागची धोंडशीर आणि हाड यांच्या मधे चीर देऊन दुसरा पाय त्यातून ओवायचा आणि काठीवर हवेशीर टांगायचा. आतडी कुत्र्याला कच्ची घालू नयेत. सशाच्या पोटातल्या पाणीदार गाठींमध्ये पट्टकृमीची पिल्लं असतात, ती कुत्र्यात वाढतात.

चार-पाच वर्षांच्या पक्क्या कडक तोंडाच्या कुत्र्याचं काय करायचं? तोंड मऊ होण्याची वाट बघण्यात हंगाम जातो. त्याला फेरेटच्या, म्हणजे बिळात शिरणाऱ्या मुंगसासारख्या लांबट पाळीव प्राण्याच्या, कामावर घालावं. बिळाच्या तोंडांवर जाळ्या लावलेल्या असतात, फेरेट आत सोडला की ससे बाहेर उसळून जाळ्यात अडकतात. कुत्र्याने वास घेऊन कुठलं बीळ भरलेलं आहे ते दाखवायचं आणि जाळं चुकवून निसटलेला एखादा ससा धरायचा. तिथे अंतर दहा-पंधरा पावलांचं असतं. चावायला वाट लांब लागते.