घड्याळावर चालणारी कुस्ती आणि पैलवानाची मेहनत : पार्श्वभूमी

जोर, बैठका, सपाटे ही तालमीतली मेहनत घडली ती निकाली कुस्तीसाठी. पाठ लागेपर्यंत झुंज चालायची, म्हणून दमाला सगळ्यात जास्त मोल. परदेशातही तसंच होतं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये एक ग्रीको-रोमन (कमरेखाली पकड न घेण्याच्या प्रकारातली) लढत ११ तास ४० मिनिटं चालली. गोळेश्वरचा आपला मल्ल खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्य घेऊन आला, तेव्हा माती आणि गादीतला फरक सगळ्यांना दिसला. गादीवर पाय रुततच नाही, पट (पाय पकडून पाडण्याचा डाव) क्षणात निघतो.

पण मेहनतीचं गणित खरं बिघडवलं ते आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या २००५ च्या नियमाने. लढतीच्या दोन-दोन मिनिटांच्या तीन स्वतंत्र फेऱ्या केल्या. दोन जिंकणारा विजयी. एकूण गुणांना किंमतच उरली नाही. पहिली फेरी ०-५ अशी हरून पुढच्या दोन १-० ने घेतल्या, तरी दोन गुणांवाला पाच गुणांवाल्याला हरवायचा! त्यातून फेरी ०-० सुटली तर रंगीत चेंडूची सोडत, आणि सोडत जिंकणाऱ्याच्या हाती प्रतिस्पर्ध्याचा पाय देऊन तीस सेकंदांची झुंज. बहुतेक वेळा गुण त्यालाच. हा मल्लांवर उघड अन्याय होता. अशा नियमासाठी तयारी करायची म्हणजे दोन मिनिटं अडवून धरायचं आणि तीस सेकंदांत स्फोटक ताकद लावायची. सलग हल्ला करणाऱ्याचा दम वाया जायचा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये कुस्तीला ऑलिम्पिकमधून वगळण्याची शिफारस झाली, तेव्हा कुठे जागतिक संघटनेला जाग आली. काही महिन्यांत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद विश्रांती आणि एकत्रित गुण अशी रचना आली. सप्टेंबरमध्ये खेळ वाचला.

तेव्हापासून सरावाचा केंद्रबिंदू ही सहा मिनिटं आहेत. पाय भरून आले असतानाही पाचव्या मिनिटाला पट काढता आला पाहिजे. त्यासाठी पूर्ण जोराच्या छोट्या लढती, मोजकी विश्रांती आणि पुन्हा लढत. हजार बैठकांनी मांड्यांना चिवटपणा येतो, पण वजन शरीराचंच राहतं, म्हणून कमाल ताकद एका टप्प्यावर थांबते. तिथे डेडलिफ्ट, क्लीन असे वजन उचलण्याचे व्यायाम लागतात. दोरावर चढणं आणि मान घडवणारा पूल (डोकं आणि पायांवर शरीराची कमान) मात्र तालमीतून जसेच्या तसे आले, आणि त्यांना तोड नाही. जुनी मेहनत मोडीत काढणारे प्रशिक्षक हे विसरतात.

२०१८ पासून वजन आदल्या संध्याकाळी न घेता लढतीच्या दिवशी सकाळी घेतात, आणि गट दोन दिवस चालत असल्याने दुसऱ्या सकाळी पुन्हा. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० किलो गटातली आपली मल्ल विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. आता पहिल्या दिवसाच्या लढतींनंतरचं खाणं-पाणी आणि रात्रीचा घाम हेही ताकदीच्या प्रशिक्षकालाच आखावं लागतं.