क्रिकलवुडच्या टपालवाल्यांनी थैल्या अडवल्या, त्याआधी

स्थलांतरितांच्या बाजूने उभं राहणं ब्रिटनमधल्या कामगार युनियनना आज अंगवळणी पडलंय. सुरुवात मात्र नेमकी उलटी होती.

ब्रिस्टलची बस कंपनी सरकारी मालकीची. तिथल्या टी.जी.डब्ल्यू.यू. या वाहतूक कामगारांच्या युनियनच्या बसवाल्यांनी १९५५ मध्ये ठरावच केला, की गोऱ्यांखेरीज कुणाला ड्रायव्हर-कंडक्टर घ्यायचं नाही. वर्णद्वेष होताच, शिवाय ओव्हरटाइम बुडेल ही धास्ती. १९६३ च्या एप्रिलअखेर पॉल स्टीफन्सन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याच्या पुढाकाराने बसवर बहिष्कार पडला आणि चार महिन्यांत बंदी उठली. पहिला बिगरगोरा कंडक्टर लागला तो रघबीर सिंग, एक शीख. त्या युनियनची वारसदार 'युनाइट'. तिने माफी मागितली २०१३ मध्ये. पन्नास वर्षं लागली!

१९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार संपावर गेले, तेव्हाही हीच युनियन पाठीशी नव्हती.

मग १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ग्रनविक कंपनीत संप झाला. इथे फोटोचे रोल धुवायचे. रोल टपालाने यायचे, फोटो टपालानेच जायचे. कामाला बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. जयाबेन देसाई त्यांच्या पुढारी. मालक जॉर्ज वॉर्ड स्वतः दिल्लीत जन्मलेला, पण युनियनला मान्यता द्यायला अजिबात तयार नाही.

कंपनीची नाडी टपालवाल्यांच्या हातात होती. नोव्हेंबरात टपाल युनियनने ग्रनविकचं टपाल अडवलं, पण कोर्टकचेरीच्या धमकीने चार दिवसांत माघार घेतली, कारण टपाल रोखणं कायद्याने गुन्हा. १९७७ च्या जूनमध्ये मात्र लंडनमधल्याच क्रिकलवुडच्या टपालवाल्यांनी वरून होकार न येताच थैल्या अडवल्या. फक्त ग्रनविकच्या, बाकीच्यांची पत्रं वाटायला ते तयार होते. खात्याने त्यांनाच निलंबित केलं. जुलैत वॉर्डच्या पाठीराख्यांनी थैल्या रातोरात बाहेर काढून देशभरच्या पेट्यांत टाकल्या. टपाल युनियनच्याच दबावाखाली क्रिकलवुडवाले महिनाअखेर कामावर परतले, पगार बुडवून.

नोव्हेंबरात जयाबेन उपोषणाला बसल्या. कंपनीच्या नव्हे, कामगार महासंघाच्या, म्हणजे टी.यू.सी.च्या दारात. त्यांच्या स्वतःच्या युनियनने त्यांना निलंबित केलं.

१४ जुलै १९७८ ला संप मागे घेतला गेला. कामावर परत कुणालाच घेतलं नाही.