‘रस्टिक’ म्हणजे काय नाही: पोर्क्युपाइन डोंगरांतल्या मुक्कामाची पार्श्वभूमी

मिशिगनच्या स्टेट पार्कात तंबूसाठी जागा आरक्षित करायला बसलं की नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो ‘रस्टिक’ या शब्दाशी. आपल्याकडे पवनेच्या काठावरचे तंबूवालेही हल्ली हा शब्द जाहिरातीत घालतात, पण तिथं त्याचा अर्थ होतो दिव्यांच्या माळा, बार्बेक्यू आणि सकाळी पोहे. मिशिगनमध्ये रस्टिक ही सजावट नाही, वर्गवारी आहे. तळावर वीज नाही, फ्लश नाही, शॉवर नाही. पाणी हातपंपाचं, संडास खड्ड्यावरचा. वीज, फ्लश, शॉवर हे सगळं ज्या तळावर आहे तो ‘मॉडर्न’, आणि यातलं काही आहे, काही नाही, तो ‘सेमी-मॉडर्न’. थोडक्यात, जागेत काय नाही त्यावरून तिचं नाव पडतं.

राज्याच्या सुपीरिअर सरोवराकडच्या टोकाला पोर्क्युपाइन माउंटन्स हे स्टेट पार्क आहे, सगळे लाडानं ‘पोर्कीज’ म्हणतात. तिथं हा शब्द जास्त गोंधळ घालतो. सरोवराच्या काठावरचा युनियन बेचा तळ मॉडर्न, प्रेस्क आइल नदीच्या मुखाजवळचा रस्टिक. आत जंगलात, जिथं फक्त पायी जाता येतं, तिथल्या लाकडी केबिनींनाही रस्टिक म्हणतात. आणि ज्या जंगलात त्या उभ्या आहेत ते कायद्यानं ‘वाइल्डरनेस’, म्हणजे माणसानं मुक्काम ठोकायचा नाही असं रान.

आता या शब्दाची कुळकथा. अमेरिकी उद्यानांत तो आधी आला बांधकामातून. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, बेकार तरुणांना सरकारी छावण्यांत कामाला लावलं गेलं. त्यांनी देशभरातल्या उद्यानांत ओंडके आणि ओबडधोबड दगड वापरून निवारे, पूल, पायऱ्या बांधल्या. या शैलीला रस्टिक म्हणत. इमारत जंगलातून उगवल्यासारखी दिसावी हा त्यामागचा हेतू. आत मात्र नळ, वीज, शेकोटीची चांगली जागा, सगळं असू शकत होतं. म्हणजे त्या काळी रस्टिक हे दिसण्याचं वर्णन होतं. पुढे मोटारी, ट्रेलर आणि विजेच्या प्लगांचा जमाना आला, तळांची विभागणी सोयींवरून होऊ लागली आणि तोच शब्द ‘सोयी नाहीत’ या अर्थानं चिकटला. गंमत म्हणजे राज्याचा आरोग्य कायदा हा शब्द वापरतच नाही. तिथं तळ एकतर ‘मॉडर्न’ किंवा ‘प्रिमिटिव्ह’, कारण आरोग्य खात्याला मैला कुठं जातो एवढ्याशीच कर्तव्य. उद्यानवाल्यांना मात्र ‘आदिम’ म्हणून जागा भाड्यानं देणं बरं वाटत नसावं. रस्टिक म्हटलं की तीच उणीव चवदार लागते. मराठीत ‘गावठी’ आणि ‘गावरान’ या दोन शब्दांच्या भावात जो फरक आहे, तोच इथं आहे.

पोर्कीजमध्ये हा घोळ कसा झाला हे कळायला १९४० च्या दशकापासून सुरुवात केली तरी चालेल. त्याआधीचं इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचं, आणि त्यांच्याकडून १८४२ च्या करारानं ही जमीन कशी गेली ते, बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तांब्याच्या खाणींचंही तसंच. १८६७ मध्ये सुरू झालेल्या नॉनसच खाणीत तांबं वालुकाश्मात इतकं बारीक विखुरलं होतं की ते काढणं कधीच परवडलं नाही. तिच्याभोवतीचं गाव उठलं. आता तिथं पायवाटेच्या कडेला पडक्या भिंती दिसतात.

खाणींपेक्षा मोठा धोका होता करवतीचा. पाइनचा बराच भाग आधीच गेला होता. हेमलॉक उरला. (सॉक्रेटिसनं प्याला ते हेमलॉक वेगळं, ती विषारी वनस्पती, हा सूचिपर्णी वृक्ष.) त्याचं लाकूड पाइनइतकं मागणीचं नव्हतं आणि डोंगर चढणीचे, म्हणून तोडवाल्यांनी त्याला शेवटी ठेवलं. ते शेवटचं म्हणजे दुसरं महायुद्ध. युद्धासाठी लाकूड हवं होतं आणि इथं ते उभं होतं. हे जंगल राष्ट्रीय उद्यान व्हावं अशी खटपट युद्धाआधीपासून चालू होती, पण केंद्राचं लक्ष आणि पैसा युद्धाकडे गेला. अखेर १९४४ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं जमीन घ्यायला दहा लाख डॉलर मंजूर केले आणि १९४५ मध्ये स्टेट पार्क झालं. आज ते सुमारे साठ हजार एकर आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहून मोठं. त्यातलं साधारण पस्तीस हजार एकर जंगल कधीच न तोडलेलं.

माझ्या मते खरा निर्णय इथं झाला, हे जंगल कायद्यानं ‘वाइल्डरनेस’ ठरलं त्या १९७२ मध्ये नव्हे. पण चर्चा नेहमी १९७२ ची होते.

पार्क झाल्यावर राज्यानं जे केलं ते त्या काळाला धरून होतं. लोक यावेत म्हणून पायवाटा आखल्या, वाटांवर केबिनी बांधल्या: बंक, लाकडावरची लोखंडी शेगडी, टेबल. पाणी ओढ्यातलं, उकळून किंवा गाळून प्यायचं. लेक ऑफ द क्लाउड्स आणि मिरर लेकजवळच्या केबिनींना वल्ह्याची होडीही मिळते. लेक ऑफ द क्लाउड्सचं आधीचं नाव कार्प लेक; नवं नाव पर्यटकांसाठी बरं, पण जुन्या नकाशात ते शोधू नका. पूर्वेच्या बाजूला चक्क स्कीइंगचा उतारही आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस एका तांब्याच्या कंपनीला उद्यानात शोध घ्यायचा होता. मोठा गदारोळ झाला, खाण झाली नाही. सुपीरिअरच्या काठानं रस्ता न्यावा असाही विचार होता. आज पूर्वेकडचा रस्ता लेक ऑफ द क्लाउड्सच्या कड्यापाशी संपतो, पश्चिमेचा प्रेस्क आइलला संपतो, आणि मधल्या किनाऱ्यावर फक्त पायवाट आहे. हे दोन रस्ते किनाऱ्यानं कधी जोडले गेले नाहीत म्हणूनच तिथं चालायला मजा आहे, एवढं पक्षपातीपणानं म्हणून ठेवतो.

केंद्रानं १९६४ मध्ये वाइल्डरनेसचा कायदा केला: माणूस जिथं पाहुणा आहे, मुक्कामी नाही, अशी जमीन. मिशिगननं १९७२ मध्ये स्वतःचा तसाच कायदा केला आणि पोर्कीजचा मोठा भाग त्याखाली आला. आता प्रश्न पडला केबिनींचा. माणूस मुक्कामी नसेल तर बंक कसले? काटेकोर लोक म्हणत होते, पाडा. उद्यानवाले म्हणत, त्या आधीपासून आहेत, भाडं मिळतं, आणि लहान मुलं घेऊन येणारी कुटुंबं तंबूत राहणार नाहीत. केबिनी राहिल्या. शुद्धतावाद्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं; पण तर्काला धरायचं तर नॉनसचच्या भिंतीही पाडायला हव्यात आणि पायवाटाही बुजवायला हव्यात. त्या केबिनींत एक रात्र काढलेल्या माणसाचं मत शक्यतो केबिनींच्या बाजूनं पडतं. माझंही तसंच आहे.

यानंतरचे बदल छोटे वाटतात, पण मुक्कामावर परिणाम त्यांचाच जास्त. नॉर्थ कंट्री ट्रेल या लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय वाटेला १९८० मध्ये मान्यता मिळाली. ती उद्यानातून जाते, त्यामुळे आठवडे-महिने चालणारी मंडळीही येऊ लागली. काळी अस्वलं आहेत म्हणून अन्न उंच टांगण्यासाठी खांब उभे राहिले. २०१० पासून राज्यानं प्रवेशाचं शुल्क गाडीच्या नोंदणीला जोडलं, दारावर स्टिकर घेणं जवळजवळ संपलं.

पूर्वी आतल्या जंगलात रस्ता, केबिन वगैरेंपासून ठरावीक अंतर सोडून कुठंही तंबू ठोकता येत असे. पुढे गर्दी वाढली, ओढ्याकाठची माती दाबली गेली, जिथं तिथं शेकोट्यांचे काळे डाग दिसू लागले. आता आतही नेमून दिलेल्या, क्रमांक असलेल्या जागांवरच राहायचं, आणि आरक्षण आधी. जुन्या फिरस्त्यांना हे टोचतं. डेट्रॉइटहून साडेपाचशे मैलांहून जास्त गाडी हाकून येणाऱ्या कुटुंबाला मात्र जागा मिळेल की नाही ही धास्ती उरत नाही. मिशिगनमधल्या आपल्या मंडळींपैकी जे तिथवर जातात ते बहुतेक मॉडर्नमध्ये उतरतात आणि दिवसा रस्टिक बाजूला फिरून येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जूनमधल्या काळ्या माश्या वर्गवारी पाहून चावत नाहीत.

तांब्याचा विषयही मिटलेला नाही. जमीन राज्याची असली तरी तिच्याखालचे खनिजाचे हक्क सगळीकडे राज्याकडे नाहीत. १९४० च्या दशकात घाईनं जमीन घेतानाच्या गुंत्याचा हा एक पदर. २०१७ मध्ये एका परदेशी खाण कंपनीनं याच आधारावर उद्यानाच्या पश्चिम कडेला नमुन्यासाठी भोकं पाडली. परवानगी होती, अटीही होत्या. जमीन गोठलेली असतानाच यंत्रं न्यायची, ही त्यातली एक. कंपनीची प्रस्तावित खाण उद्यानाच्या हद्दीला लागून आहे आणि तिच्यावरून अजून वाद चालू आहे. भोकं पडली ती प्रेस्क आइलच्या रस्टिक तळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत.