कप-प्लेट (प्रेस्ड ग्लास)

चहा बशीत ओतून पिताना ओला कप टेकवण्यासाठी वापरली जाणारी छोटी तबकडी. व्यास साधारण ७ ते १० सेंमी. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात अमेरिकेत, विशेषतः न्यू इंग्लंड या ईशान्येकडील राज्यांत, काचेच्या कप-प्लेट मोठ्या प्रमाणावर निघाल्या. त्याआधी इंग्लंडमधील स्टॅफर्डशरच्या निळ्या नक्षीच्या चिनीमातीच्या तबकड्या वापरात होत्या.

त्या काळच्या अनेक कपांना कान नसत. चिनी पेल्यांवरून घेतलेला हा घाट कढत चहाला सोयीचा नव्हता. बशी मात्र वाटीसारखी खोलगट असे. चहा तिच्यात ओतून, निववून पीत. मग गळता कप ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरे. टेबलावर वा कापडावर चहाचे गोल डाग पडू नयेत म्हणून ही तबकडी. महाराष्ट्रातही बशीने चहा पिणे जुनेच, पण आपल्याकडे कप सरळ टेबलावर नाहीतर जमिनीवर टेकतो. त्याच्यासाठी वेगळे भांडे कोणी केले नाही.

हे भांडे स्वस्त झाले ते दाबयंत्रामुळे. कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात सोडी, दुसरा हवी तेवढी काच कात्रीने तोडून तरफ ओढी आणि वरचा दट्ट्या ती साच्यात दाबी. किती काच तोडायची हा सगळा नजरेचा अंदाज. कमी पडली तर कड अपुरी राही, जास्त झाली तर तबकडी जाड होई. जुन्या नगांत दोन्ही दोष सर्रास दिसतात. साचा थंड असला की काचेवर सुरकुत्या येत, कात्रीचा व्रणही राही. तो झाकण्यासाठी पार्श्वभूमीवर बारीक ठिपके भरत. ‘लेसी’ (लेससारखी) म्हणून नावाजलेल्या या नक्षीमागे अशी व्यवहारी गरजही होती.

डेमिंग जार्व्हिस यांनी १८२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सँडविच येथे काढलेला कारखाना (पुढे बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी) यात अग्रेसर होता. तो १८८८ मध्ये बंद पडला. मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिजची न्यू इंग्लंड ग्लास कंपनी आणि पिट्सबर्गचे कारखानेही कप-प्लेट काढत. प्रत्येक अनामिक नग सँडविचचा म्हणून विकण्याची बाजाराची सवय मात्र खरी मानू नये.

तबकड्यांवर राजकारणही आले. १८४० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचे प्रचारचिन्ह ठरलेली ओंडक्यांची झोपडी, राजकारणी हेन्री क्ले यांचा चेहरा, स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईचे स्मारक, आगबोटी असे विषय आढळतात. संग्राहक कडेचे दाते मोजून प्रकार ठरवतात. ते उपयोगी असले तरी या वस्तूचा चहाशी असलेला संबंध त्या मोजणीत हरवतो.

शतकाच्या मध्यापर्यंत कानाचे कप रुळले आणि बशीतून पिणे गावंढळ समजले जाऊ लागले. दाबकाचेचा धंदा पुढे वाढतच गेला, पण कप-प्लेटचे काम संपले. विसाव्या शतकात सँडविच ज्यात येते त्या केप कॉड भागात स्मरणवस्तू म्हणून नव्या कप-प्लेट निघाल्या. त्यांतल्या काही जुन्यांसारख्याच शिसे मिसळलेल्या काचेच्या असल्याने टिचकी मारून येणारा घंटेसारखा नाद जुनेपणाचा पुरावा ठरत नाही. तळाच्या कडेवर वापराने पडलेले, दिशाहीन बारीक ओरखडे त्याहून भरवशाचे, तरी तेही मुद्दाम घासून आणता येतात.