शाळाप्रवेशाचे वय

मुलाला औपचारिक शाळेत, विशेषतः इयत्ता पहिलीत, कोणत्या वयात घालावे याविषयीचे शासकीय नियम, कौटुंबिक प्रथा आणि शैक्षणिक विचार यांचा समावेश या विषयात होतो. महाराष्ट्रात सध्या पहिलीसाठी 6 वर्षे आणि नर्सरी किंवा शिशुगटासाठी 3 वर्षे हे किमान वय असून, ते ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावे लागते. या तारखेला शासकीय भाषेत ‘मानीव दिनांक’ म्हणतात. नियम किमान वय सांगतो. ते वय त्या मुलाला योग्य आहे की नाही, हा निर्णय पालकांना आणि शिक्षकांना वेगळा घ्यावा लागतो. पुण्यातील बहुतेक घरांत या दोन गोष्टी एकच मानल्या जातात आणि अडचणींची सुरुवात तिथूनच होते.

नियमाचा प्रत्यक्ष परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 2 जानेवारी 2019 रोजी जन्मलेले मूल आणि 30 डिसेंबर 2019 रोजी जन्मलेले मूल ही दोन्ही जून 2025 मध्ये पहिलीसाठी पात्र ठरतात. शाळा उघडते त्या दिवशी पहिले सुमारे 6 वर्षे 5 महिन्यांचे असते आणि दुसरे 5 वर्षे 5 महिन्यांचे. त्या वयात बारा महिने म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा होय. याउलट 1 जानेवारी 2020 रोजी जन्मलेल्या मुलाला, दुसऱ्या मुलापेक्षा ते केवळ दोन दिवसांनी लहान असूनही, जून 2026 पर्यंत थांबावे लागते. तारीख कोणतीही ठरवली तरी ही रेषा कुठेतरी पडणारच, हे खरे. परंतु रेषेच्या अलीकडे पडलेल्या मुलाने त्याच वर्षी शाळेत गेलेच पाहिजे, असे मात्र नियम कुठेही म्हणत नाही. शिवाय एकाच शहरात दोन रेषा असू शकतात. पुण्यातील केंद्रीय विद्यालयांत पहिलीसाठी 31 मार्च रोजी 6 वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे ऑक्टोबर 2019 मध्ये जन्मलेले मूल राज्य मंडळाच्या शाळेत जून 2025 मध्ये पहिलीत बसू शकते, तर केंद्रीय विद्यालयात त्याला 2026 उजाडते. केंद्रीय विद्यालयांनी हे वय 2022-23 पासून 5 वरून 6 वर आणले तेव्हा पालक न्यायालयात गेले होते, परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

जन्मनोंदणी सर्रास होत नव्हती त्या काळी वय अंदाजानेच ठरे. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवायचा आणि कान हाताला लागला की गुरुजींनी त्याचे नाव पटावर घालायचे, ही रीत महाराष्ट्रात गावोगाव होती. तिला शरीरशास्त्राचा आधार आहे: लहान मुलाचे डोके धडाच्या आणि हातांच्या मानाने मोठे असते व सहा-सात वर्षांच्या सुमारास हात पुरेसे लांब होतात. जन्मतारीख माहीत नसेल तर गुरुजी शाळेच्या नोंदवहीत 1 जून लिहीत, म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बरोबर भरे; आजच्या कितीतरी आजी-आजोबांच्या कागदपत्रांवर म्हणूनच 1 जून हा वाढदिवस सापडतो. घरात मात्र शिक्षणाचा आरंभ त्याआधीच, बहुधा पाचव्या वर्षाच्या आसपास, दसऱ्याला पाटीपूजनाने होई. एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती, तिला वाहिलेले हळदकुंकू व झेंडूचे फूल आणि मुलाचा हात धरून गिरवलेले ‘श्री’ एवढ्यावर तो दिवस संपे, आणि शाळेचा उंबरठा ओलांडायला पुढे कधी कधी वर्ष जाई. अक्षरओळख आणि शाळा यांत अंतर ठेवणारी ही पद्धत आजही विचारात घेण्यासारखी आहे.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी ज्यांनी केली त्यांचा भर शाळेत लवकर घालण्यावर नव्हता. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मांडले. त्यांना मूल शाळेत टिकण्याची काळजी होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मांडलेल्या विधेयकात मुलग्यांसाठी 6 ते 10 ही वयोमर्यादा होती. ते विधेयक 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले, परंतु सहा हा आकडा पुढील चर्चेत टिकून राहिला. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयोगटाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यासाठीचा 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. असे असूनही महाराष्ट्रात पाचव्या वर्षी पहिलीत बसवण्याची वहिवाट चालूच होती. 2015 च्या शासन निर्णयाने ती टप्प्याटप्प्याने सहावर नेण्यास सुरुवात झाली, आणि मानीव दिनांक नंतर पुढे सरकत 2020 मध्ये 31 डिसेंबरवर आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र बांधला, म्हणजे पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा अभ्यासक्रम सलग धरला. या धोरणाला अनुसरून राज्याचा आराखडा करणारी शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पाठ्यपुस्तके करणारी बालभारती आणि प्रवेशाचे आदेश काढणारे प्राथमिक शिक्षण संचालनालय ही तिन्ही कार्यालये पुण्यातच आहेत.

सहा वर्षांच्या आग्रहामागे मुलाच्या वाढीचे कारण आहे. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या रूपात असतात आणि एकेक करून वर्षानुवर्षे घट्ट होत जातात, शेवटचे तर साधारण आठव्या वर्षानंतर. चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल मुठीत धरावीशी वाटते, ओळीत अक्षर बसत नाही, थोड्या वेळात हात दुखू लागतो, याला हट्टीपणा म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. वर्गातील सर्वांत लहान मुले सुरुवातीच्या इयत्तांत गुणांत मागे राहतात आणि त्यांच्यावर अवधानदोषाचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराचा, शिक्का अधिक प्रमाणात बसतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. पुढे हे अंतर कमी होते, पण ‘मला येत नाही’ ही समजूत मुलाच्या मनात तोवर रुजलेली असू शकते. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते, तर इंग्लंडमध्ये मुले पाच वर्षांची होण्याआधीच वर्गात बसू लागतात. त्यामुळे सहा हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, हेही मान्य करावे लागते. मूल आपला डबा स्वतः उघडून खाते का, लघवीला जायचे हे अनोळखी बाईंना सांगू शकते का, गोष्ट संपेपर्यंत ऐकते का आणि आई दिसेनाशी झाल्यावर किती वेळात सावरते, या गोष्टी जन्मदाखल्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

पुण्यासारख्या शहरात खरा निर्णय पहिलीच्या वेळी होतच नाही. अनेक खासगी इंग्रजी शाळांत नर्सरीचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात निघतात. डिसेंबर 2019 मध्ये जन्मलेल्या मुलाला जून 2022 मध्ये नर्सरीत घालायचे तर अर्ज नोव्हेंबर 2021 मध्ये भरावा लागतो, तेव्हा त्याची दोन वर्षेही पूर्ण झालेली नसतात. पुढे ज्युनिअर आणि सीनिअर केजी ओघाने येतात आणि पहिलीचे वय कोणीही न ठरवता ठरून जाते. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी नर्सरीच्या अर्जाच्या वेळीच एक वर्ष थांबण्याचा विचार करावा. मूल पुढे सीनिअर केजीतून पहिलीत जाताना त्याला मागे ठेवणे अधिक क्लेशकारक ठरते, कारण तोवर त्याचे सवंगडी ठरलेले असतात.

थांबण्याचा हा सल्ला सर्वांना सारखा लागू नाही. कोथरूडच्या घरात आजी गोष्टी सांगत असेल, हाताशी पुस्तके असतील, तर एक वर्ष उशिराने काही बिघडत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईच्या मुलाला मात्र तिसऱ्या वर्षापासून अंगणवाडी हवीच, कारण तिथे पोषण आहार, सोबत आणि भाषा मिळते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचा समावेश आहेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात हेच दाखवून दिले की लहान मुलांची शाळा म्हणजे वह्या भरण्याचे ठिकाण नव्हे, आणि तशी शाळा असेल तर ती तिसऱ्या वर्षीही मुलाच्या हिताचीच असते. वाकड-हडपसरकडे बांधकामांवर राहणाऱ्या कुटुंबांची मुले तर सहा उलटून आठ-नऊची झाली तरी पटावर नसतात. त्यांच्यासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 मध्ये वयानुरूप वर्गात थेट प्रवेशाची आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, तर कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

एक वर्ष थांबू इच्छिणाऱ्यांनी कमाल वयही पाहावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी असलेल्या 25 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना 31 डिसेंबर रोजी पहिलीसाठी 7 वर्षे 5 महिने 30 दिवस आणि नर्सरीसाठी 4 वर्षे 5 महिने 30 दिवस ही वरची मर्यादा लावली जाते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एक वर्ष थांबले तरी या मर्यादेत बसते, तसेच जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मलेली मुलेही बसतात. वर्षाच्या पूर्वार्धात जन्मलेल्यांची संधी मात्र हुकते.