शिळाछाप म्हणजे कोरीवकाम नव्हे
जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं १८२१ मधलं लंडनचं शिळाछाप चित्र (लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून कागदावर छापलेलं): थेम्स नदीकाठच्या अॅडेल्फी धक्क्याकडे जाणाऱ्या अंधाऱ्या कमानीत शिरणारे ओझ्याचे घोडे आणि सोबतचे कामगार. असं चित्र पाहिलं की ‘हे दगडात कोरलंय’ असं कुणीतरी ठासून सांगतंच. साफ चूक. यात छिन्नीचं कामच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेनेफेल्डर या जर्मन नाटककाराने शोधलेली ही युक्ती तेल-पाण्याच्या वैरावर चालते. सपाट चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, आम्ल मिसळलेल्या डिंकाचा हात फिरवायचा, दगड ओला ठेवायचा. मग तेलकट शाई फक्त खडूच्या खुणांनाच धरते. घोड्यांच्या पाठीवरची ती मऊ, रवाळ छटा कोरून कुठली यायला! खरी डोकेदुखी वेगळीच: छाप उलटी उमटते, म्हणून दगडावर सगळं आरशातल्यासारखं उलटं काढावं लागे.